दोन ब्रेकची फियाट

जानकी पळून गेली, ही बातमी मरोळच्या आमच्या चाळीत टीव्हीवरच्या दोन जाहिरातींच्या मधल्या वेळात पसरली. सत्त्याऐंशी साल. रविवारी सकाळी टीव्हीवर देव यायचे, आणि ते यायच्या आधी चाळीतल्या एकुलत्या एक रंगीत टीव्हीला झेंडूचा हार घातला जायचा. तेवढ्या वेळात कुणाच्या घराला आग लागली असती, तरी तिला जाहिरात येईपर्यंत थांबावं लागलं असतं. अशा वेळी सुंदराबाई नळ चालू राहिलाय का बघायला म्हणून बाहेर गेल्या आणि आल्या त्या धापा टाकतच.

"लवूची जानकी गेली! पांढऱ्या फियाटमधून! बाजूला पुरुष होता!"

"कोण पुरुष?"

"तोंड नाही दिसलं बाई. माकडटोपी घातली होती. म्हणजे लपवतच असणार ना!"

तेवढ्यात देव परत आले. सगळ्यांनी हात जोडले आणि जानकीचं पळून जाणं पुढच्या जाहिरातीपर्यंत तहकूब झालं.

खरं सांगायचं तर तो पुरुष म्हणजे गुणाजी. साठीला टेकलेला, पुढचे दोन दात नसलेला, आणि माकडटोपी सर्दीसाठी घातलेली. फियाटच्या टपावर 'गुणाजी मोटर ट्रेनिंग स्कूल' अशी फळी, पुढे-मागे हाताएवढा तांबडा एल. मुलगी पळवून न्यायला याहून वाईट गाडी अख्ख्या अंधेरीत शोधून सापडली नसती. शिवाय स्टेअरिंगवर जानकी होती. पळवलंच असेल, तर तिनं गुणाजीला पळवलं होतं.

आता ही जानकी कोण, तर लवू आणि शेवंतीची एकुलती एक मुलगी. लवू औषधाच्या कारखान्यात पाळीवर. बोलणं कमी, झोप जास्त. जानकीची जीभ लहानपणापासून अडखळायची. म, प, क अशी अक्षरं तिच्या ओठांशी येऊन अडून बसायची, आणि मग कपाळावरची शीर फुगेपर्यंत ती त्यांच्याशी झटायची. शाळेत बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा 'हजर'मधला ह निघेपर्यंत पोरं बाकं वाजवत ताल धरायची. एक दिवस बाईही हसल्या. त्या दिवशी शेवंती शाळेत गेली, पोरीचं दप्तर उचललं, आणि म्हणाली, "माझी पोर मी शिकवते."

सातवी पास बाई. दुपारी भांडी आवरली की मोरीशेजारी पाट टाकून शाळा भरायची. शेवंती रात्री स्वतः धडा वाचायची आणि दुपारी तोच पोरीला शिकवायची. चाळ म्हणायची, मोरीतलं विद्यापीठ. पण त्या विद्यापीठातून जानकी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली आणि पासही झाली. कागदावर तिची जीभ कधी अडली नाही.

एक खोड मात्र त्या शाळेत लागली. जानकी एखाद्या शब्दावर अडली की शेवंती तो शब्द पुरा करायची. प्रेमानंच. पोरीला त्रास नको म्हणून. मग लवू करायला लागला, मग वाणी, मग सगळी चाळ. जानकीनं "अर्धा कि..." म्हटलं की वाण्यानं अर्धा किलो साखर बांधलेली असायची. तिला गूळ हवा असला तरी ती साखर घेऊन घरी यायची.

अठरा पूर्ण झाली त्या वर्षी मालन डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. बाळंतपणं करणाऱ्या बाई. साकीनाक्यापासून मरोळपर्यंत वेळी-अवेळी फिरायच्या. त्यांचा म्हातारा ड्रायव्हर महिनाअखेर गावी जाणार होता. आणि बाईमाणसांच्या घरी जाताना बाई ड्रायव्हर असेल तर बरं, असं डॉक्टरीणबाईंच्या मनात होतं.

"लायसन आणलंस तर जागा तुझी," त्या जानकीला म्हणाल्या. "नाही तर त्याचा भाचा तयार बसलाय. महिनाअखेरपर्यंत थांबते, पुढे नाही थांबता येणार गं मला. बाळं थांबत नाहीत."

जानकीनं मान हलवली. आजवर तिला मिळू शकणारी प्रत्येक नोकरी बोलण्याची होती. दुकानात बोला, फोनवर बोला, बालवाडीत तर ओरडा. ही पहिली अशी, जिथं तोंड बंद ठेवून काम करायचं. ती तिला इतकी हवी होती, की त्या रात्री तिनं पाटावर बसून हवेतच गिअर बदलले.

आरटीओतली परीक्षेची तारीख महिनाअखेरीच्या जरा आधीची मिळाली. नापास झालं तर पुढची तारीख कधी, ते कुणी सांगेना. म्हणजे एकच संधी.

गुणाजी मूळचा मालवणकडचा, शेवंतीच्या माहेरच्या वाडीतला. त्याच्या फियाटला, सगळ्या ट्रेनिंगच्या गाड्यांना असतो तसा, शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक होता. रविवारी सकाळी देव टीव्हीवर असले की एमआयडीसीतले रस्ते ओस पडायचे. गुणाजी देवांवर पाणी सोडून तेवढ्यात शिकवायचा. जानकी शिकली झपाट्यानं. निदान तिला तसं वाटलं. गाडी कधी धक्का देत नव्हती, बंद पडत नव्हती, महाकाली गुंफांच्या रस्त्यावरच्या चढावर थांबवून पुन्हा उचलली तरी मागे सरकत नव्हती.

"झकास!" गुणाजी म्हणायचा. "अगो, तुझे पाय म्हंजे काय पाय! माझ्या हाताखालचा एकय पोर आजपर्यंत नापास झालेला नाय. तूच कशी होशीत?"

हे मात्र खरं होतं. गुणाजीचा एकही विद्यार्थी कधी नापास झाला नव्हता. पास झाल्यावर त्यांचं पुढे काय व्हायचं, ते कुणी विचारत नव्हतं. एकानं लायसन मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी केळ्यांची गाडी उडवली होती, पण गुणाजीच्या मते चूक केळेवाल्याची होती.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी जानकीनं महाकालीच्या चढावर, सांगितल्याप्रमाणे, मधोमध गाडी थांबवली. मागे एक टेम्पो येऊन थांबला. टेम्पोत काचा होत्या, दाराएवढ्या उभ्या, चिंध्या लावून दोरीनं बांधलेल्या. आरशात ऊन इतकं चमकलं, की तिनं डोळे बारीक केले.

"चल, उचल," गुणाजी म्हणाला.

तिनं नेहमीसारखा ब्रेकवरचा पाय काढून अॅक्सिलरेटरवर ठेवला आणि क्लच सोडायला लागली.

नेमका त्याच क्षणी गुणाजीच्या पोटरीत गोळा आला. "आयगे!" करून त्यानं दोन्ही पाय वर ओढले आणि पोटरी धरली.

फियाट मागे निघाली.

आधी हळू. जानकीला कळेच ना. ती तेच करत होती, जे दर वेळी करायची, आणि दर वेळी गाडी पुढे जायची. आरशातल्या काचा मोठ्या झाल्या. टेम्पोवाला हॉर्नवर बसला. "काका!" म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण क आला नाही, ओठ नुसतेच थरथरले. गुणाजी पोटरी चोळत ओरडत होता, "ब्रेक! ब्रेक दाब गो!" मग तिनं दोन्ही पाय उचलले आणि अख्ख्या अंगाचा भार ब्रेकवर टाकला. गाडीनं आचका दिला. इंजिन बंद पडलं. मागे कुठंतरी काच किणकिणली.

फुटली नव्हती, नुसतीच थरथरली होती. दोन्ही गाड्यांच्या मध्ये हात घातला असता तर अडकला असता, एवढंच अंतर उरलं होतं.

टेम्पोवाला खाली उतरला. "ए बुढ्ढे! छोकरीको चलाने देता है? काच जाती तो मेरी वाट लगती ना!"

गुणाजी एका पायावर उड्या मारत त्याची समजूत काढायला गेला. जानकी आतच बसून राहिली. तिनं आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग पावलांकडे. मग पेडलांकडे. तिच्या ब्रेकवरच्या रबराच्या रेघा ठसठशीत होत्या, नव्यासारख्या. तिनं वाकून पलीकडे पाहिलं. गुणाजीच्या पेडलांवरचं रबर गुळगुळीत झालं होतं, एका कोपऱ्यातून तर आतलं लोखंड चकाकत होतं.

गुणाजी परत येऊन बसला तेव्हा तिनं त्या लोखंडाकडे बोट दाखवलं.

"का-का... हे... तु..."

"तुका काय झाला नाय, घाबरू नको."

तिनं मान हलवली. नाही, हे म्हणायचं नव्हतं. ती थांबली, श्वास घेतला.

"तुम्ही... चालवता. मी नाही."

गुणाजीनं माकडटोपी काढली, झटकली, परत घातली. "अगो, पोरां घाबरतत. गाडी मागे गेली काय रडतत. आणि क्लचप्लेट जळता ती वेगळीच. म्हणान मी जरासो पाय लावतंय. सगळ्यांक लावतंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "परीक्षेक मी बाजूकच असतंय. सायब मागे बसता. मागसून माझे पाय थोडेच दिसतत? तू बिनघोर ऱ्हव."

घरी तिनं शेवंतीला सांगितलं. सांगायला वेळ लागला, आणि शेवंतीनं मधले निम्मे शब्द स्वतःच भरले. ते भरलेले शब्द चुकीचे होते, म्हणून आणखी वेळ लागला. शेवटी कळलं तेव्हा शेवंतीनं लाटणं बाजूला ठेवलं.

"मग बरंच आहे की गं," ती म्हणाली. "लायसन तर हातात पडेल. पुढचं पुढे शिकशील. नोकरी जाऊ देऊ नकोस, जानके. तुला दुसरी कोण देणार?"

हे बोलणं खरं होतं, म्हणून झोंबलं. जानकी रात्रभर कूस बदलत होती. लायसन तर नक्की होतं. गुणाजीच्या पायांनी मिळालेलं का असेना, त्यावर फोटो तिचाच असणार. पण डोळा मिटला की तो चढ दिसायचा. डॉक्टरीणबाईंच्या गाडीत, मागच्या सीटवर कुणीतरी पोट धरून कण्हतंय, गाडी मागे चाललीय, आणि डाव्या बाजूला पेडलंच नाहीत. तिथं नुसतं पायपुसणं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुणाजीच्या दारात उभी राहिली. गुणाजी दात घासत होता, म्हणजे जेवढे होते तेवढे.

"पा..." ती म्हणाली. "पा... पाय..."

"पाय बरो आसा. गोळो गेलो."

"पाय वर घ्या," जानकी म्हणाली. "गाडीत. मांडी घालून बसा."

गुणाजीच्या हातातून मशेरीची डबी पडायची राहिली. "मांडी घालून? सत्यनारायणाक बसलंय काय मी?"

पण बसला. आपल्या वाडीतल्या शेवंतीची पोर, आणि डोळे असे रोखून उभी राहिलेली, की नाही म्हणता येईना. त्या आठवड्यात एमआयडीसीनं जे पाहिलं ते पुन्हा कुणी पाहिलं नसेल. फियाटच्या पुढच्या सीटवर मांडी घालून बसलेला गुणाजी, चपला मांडीत, डोळे मिटलेले, ओठांवर गावच्या रामेश्वराचं नाव. आणि बाजूला जानकी. गाडी बेडकासारख्या उड्या मारायची. बंद पडायची. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवून कान किटवायचे. एकदा चहाच्या टपरीचा बाक वाचला तो टपरीवाल्यानं वेळेवर उचलला म्हणून. चढावर गाडी मागे घसरली, की गुणाजीच्या पायाची बोटं मांडीतल्या मांडीत ब्रेक दाबायची. एकदा त्याचा पाय चोरून खाली सरकला. जानकीनं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि तो पाय वर जाईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

"क्लचप्लेट जळली माझी!" गुणाजी करवादायचा. "वास येता की नाय नाकाक?"

वास येत होता. परीक्षा जवळ येत चालली, तशी जानकीला अन्न जाईना. आता नापास व्हायची शक्यता खरी होती, आणि ती तिनं स्वतःच ओढवून घेतली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी चढावर तिला पहिल्यांदा एक गोष्ट ऐकू आली. क्लच हळूच अर्ध्यावर आणला की इंजिनाचा आवाज जाड होतो आणि बॉनेट नाक किंचित वर उचलतं. तिथं ढकलायचं नाही. थांबायचं. अडलेल्या शब्दाशी झटलं की तो आणखी घट्ट बसतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? ती थांबली. मग ब्रेक सोडला. गाडी मागे गेली नाही. दुसऱ्या खेपेला मात्र पुन्हा गेली, आणि तिसऱ्या खेपेच्या आधी गुणाजीच्या मांडीत मुंग्या आल्या.

परीक्षेच्या सकाळी आरटीओसमोर गाड्यांची रांग होती. इन्स्पेक्टर नवे होते. सडपातळ, चष्मा लावलेले, कुणाशी हसत नव्हते. आदल्या दोघांना त्यांनी उतरवून परत पाठवलं होतं. ते फियाटच्या मागच्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "चला."

जानकीनं किल्लीला हात लावला आणि डावीकडे पाहिलं. गुणाजीचे दोन्ही पाय खाली होते. बरोबर पेडलांवर. कपाळावर घाम होता, पण नजर समोर, दगडासारखी. रात्रभर विचार करून त्यानं ठरवलं होतं, पोरीची नोकरी आपल्यामुळे जायची नाही. त्यानं तिच्याकडे न बघताच मान हलवली तेव्हा तिला ते कळलं.

नुसती किल्ली फिरवायची होती. बाकी सगळं त्या पायांनी केलं असतं.

"काका," ती म्हणाली. क आज कसा कोण जाणे, सरळ आला. "पा..."

"चल गो, चल," गुणाजी घाईघाईनं म्हणाला.

"पा... पा..."

"पावसाचा काय, पाऊस नाय. चल."

"थांबा," मागून इन्स्पेक्टर म्हणाले. "ती काहीतरी बोलतेय. बोलू द्या तिला."

जानकीच्या कपाळावरची शीर फुगली. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, इन्स्पेक्टरनी वळूनही पाहिलं नाही. तिला तेव्हा उमगलं, की हे वाक्य पुरं झालं तर गुणाजीचं सगळं बाहेर पडेल. त्याची फळी, त्याचं नाव, इतक्या वर्षांचे सगळे पास. आणि पुरं नाही झालं, तर उद्यापासून मागच्या सीटवर कुणीतरी कण्हत असेल.

"पाय वर घ्या."

गुणाजी पांढरा पडला.

"पाय वर?" इन्स्पेक्टर म्हणाले. "का हो?"

"संधिवात, सायब," गुणाजीच्या तोंडून कसंबसं निघालं. "खाली ठेवले काय ठणकतत."

"मग घ्या ना वर. त्रास कशाला सोसता?"

गुणाजीनं चपला काढल्या, मांडीत घेतल्या आणि मांडी घातली. जानकीनं किल्ली फिरवली. निघताना गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. गेलं सगळं, असं तिला वाटलं. तिनं न्यूट्रल केलं, पुन्हा सुरू केली. निघाली. वळण, हातानं इशारा, हळू. मग नाल्यावरच्या पुलाचा चढ आला.

"इथं थांबा," इन्स्पेक्टर म्हणाले. "आता उचला."

मागे बर्फाच्या लाद्यांची हातगाडी येऊन टेकली होती. ओढणारा वाकून दम खात होता, त्याचं डोकं बरोबर फियाटच्या डिकीच्या उंचीला. जानकीनं आरशात ते डोकं पाहिलं. क्लच अर्ध्यावर आणला. आवाज जाड होईना. गुणाजीनं आपल्या पायाचे अंगठे दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. जरा आणखी. ओठांशी अडलेल्या अक्षराजवळ थांबते, तशी ती थांबली. गाडी थरथरली, नाक उचललं गेलं. तिनं ब्रेक सोडला.

फियाट पुढे गेली. बर्फवाल्यानं डोकंसुद्धा वर केलं नाही.

उतरताना इन्स्पेक्टरनी जानकीला मान हलवून "पास" म्हटलं आणि खिडकीतून आत वाकून गुणाजीला म्हणाले, "काका, यापुढे तुमचा प्रत्येक विद्यार्थी घेऊन याल, तेव्हा तुम्हाला असाच संधिवात असू द्या."

गुणाजी घरी येईपर्यंत मांडी सोडायला विसरला होता. पुढच्या तारखेला त्याचे ओळीनं दोन विद्यार्थी नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा. जानकीला तो येता-जाता शिव्या द्यायचा आणि नव्या पोरांना सांगायचा, "जानकी शिकली तशी शिका, मेल्यांनो."

जानकी डॉक्टरीणबाईंकडे लागली. दिवाळीच्या सुमारास सुंदराबाईंचा पाय मुरगळला, तेव्हा दवाखान्यात न्यायला जानकी गाडी घेऊन चाळीच्या दारात आली. गॅलरीत सगळी चाळ उभी. लंगडत खाली आल्या, तरी सुंदराबाईंची जीभ कुठं मुरगळली होती? पुढच्या सीटवर बसता बसता त्या गॅलरीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बसते बाई, पण ब्रेक कोण मारणार? आम्ही ऐकलं, लायसन गुणाजीच्या पायांना मिळालंय म्हणे!"

गॅलरी हसली. शेवंतीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, लेकीकडे पाहिलं, आणि मिटून घेतलं. जानकीचा म ओठांशी अडला. बराच वेळ अडला. या खेपेला कुणीच तो पुरा केला नाही.

"मावशी, तोंड हवं तेवढं चालवा. पाय मात्र वर घेऊन बसा."